हृदय आणि वृक्क : शोथाच्या रुग्णाकडे पाहताना

चरकाचार्यांनी हृदय, बस्ती व शिर या तीन मर्मांना प्राधान्य दिले आहे. हृदय दुर्बल झाले की मूत्रनिर्मितीचे कार्य फार काळ निर्वेध चालत नाही. अंबरनाथ व बदलापूर यांच्यामध्ये वसलेल्या चिखलोलीसारख्या परिसरात पायांवर सूज व दम घेऊन रुग्ण प्रथम आपल्याच चिकित्सालयाची किंवा औषधालयाची पायरी चढतो, तेव्हा हा संबंध ध्यानी असणे अगत्याचे आहे.

विश्रांतीच्या अवस्थेत हृदयाने प्रक्षेपित केलेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा वृक्कांकडे जातो. हृदय थकले की हा पुरवठा घटतो. शिवाय सिरांत रक्त तुंबून वृक्कांवर उलट दाब पडतो. शरीरात द्रव कमी आहे असे समजून वृक्क मीठ व पाणी धरून ठेवतात. त्यामुळे शोथ वाढतो आणि हृदयावरील भारही वाढतो. रोंको व सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या हृद्‌वृक्क विकाराचे पाच प्रकार मांडले. त्यांतील पहिल्या दोहोंचा आरंभ हृदयापासून होतो.

अशा रुग्णास केवळ मूत्रल द्रव्य देऊन आपले कर्तव्य संपत नाही. श्वेतपर्पटीतील सोरा म्हणजे पोटॅशियमचा क्षार होय. रुग्ण स्पायरोनोलॅक्टोन घेत असेल व वृक्क मंदावले असतील, तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची गती घातक रीतीने बिघडू शकते. उलटपक्षी ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास मीठ साठते व पोटॅशियम घटते. डिगॉक्सिन घेणाऱ्यास ते विशेष धोक्याचे. लवणभास्करासारखी लवणप्रधान चूर्णे येथे वर्ज्यच मानावीत. सापसंदाच्या कुळातील वनस्पतींमधील अॅरिस्टोलोचिक आम्लाने वृक्क निकामी होतात, हे बेल्जियममधील रुग्णांवरून 1993 मध्ये जगापुढे आले. औषधालयचालकांनी कच्च्या मालाची ओळख कसोशीने पटवावी.

चिकित्सेपूर्वी रुग्णाच्या सर्व गोळ्या पाहाव्यात. वेदनाशामके घेतो का, हे विचारावे. क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम तपासून घ्यावे. रोज सकाळी वजन नोंदवण्यास सांगावे. चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. क्रिएटिनिन किंचित वाढले म्हणजे औषध चुकलेच, असे नव्हे. जुलाब-उलट्या झाल्यास मात्र हृदयरोगतज्ज्ञांशी त्वरित बोलावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, मूत्र घटले किंवा आडवे पडता येईना, तर विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

योग्य वेळी पाठवलेला रुग्ण पथ्यासाठी व पुढील सांभाळासाठी पुन्हा आपल्याकडेच येतो. त्यात वैद्याचे उणेपण नाही; दोन मर्मांचे रक्षण मात्र आहे.