‘जंगी’ ह्या विशेषणाचा अर्थविस्तार

फारसी ‘जंग’ म्हणजे युद्ध. त्यास ‘ई’ हा संबंधवाचक प्रत्यय लागून ‘जंगी’ हे विशेषण सिद्ध झाले. हिंदीत ‘जंगी जहाज’ म्हणजे आजही युद्धनौकाच. मराठीत मात्र युद्धाचा अर्थ मागे पडून मोठेपणा तेवढा उरला. तथापि ‘फार मोठा’ एवढा पर्याय देऊन भागत नाही. डोंगर प्रचंड असतो, इमारत अवाढव्य असते. त्यांस सहसा कोणी जंगी म्हणत नाही. सभा, स्वागत, मेजवानी, कुस्त्यांचे मैदान ही जंगी असतात. मोर्चाही जंगीच, आणि ‘मोर्चा’ हा शब्दही मुळात लष्करीच! माणसांची जमवाजमव व धामधूम ह्यांचीच अपेक्षा येथे दिसते. शोकसभा कितीही मोठी भरली, तरी तीस हे विशेषण लागत नाही.