संक्रांतीला पेटणारी वेल

लोणी काळभोरहून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे निघालं की सोरतापवाडीच्या आसपास रोपवाटिकाच रोपवाटिका लागतात. झाडांचा नाद असलेल्याने या रस्त्याने जाताना खिशात पैसे ठेवू नयेत, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी तिथूनच काळ्या पिशवीतलं वीतभर रोप आणलं. ‘संक्रांत वेल. थंडीत बघा,’ एवढंच तिथला माणूस म्हणाला होता.

थंडी म्हणजे आपली, बर्फाची नव्हे. तरी नदीकाठच्या या उघड्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, आणि तेवढ्याने बऱ्याच हौशी माणसांचे पैसे बुडतात. माझेही बुडाले. फिलिपिन्सच्या दमट जंगलात वटवाघळांसाठी फुलणारी, मोरचुदाच्या रंगाची जेड वेल मी भारी किमतीला आणली होती. पहिल्याच हिवाळ्यात ती पान पान गाळत गेली.

वेलींविषयी सर्वसाधारण माहिती द्यायलाच हवी, म्हणून घाईने देतो. गोकर्ण खोडाचाच पीळ घालत चढते, कृष्णकमळ ताण्यांनी, बोगनवेल काट्यांनी. मधुमालतीची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात आणि पुढे गुलाबी, मग लाल होतात. लसण्या वेलीचं पान चुरगळलं की फोडणीचा वास येतो. बदकवेलीचं फूल माशीला आत कोंडतं, अंगाला पराग चोपडतं आणि मगच सोडतं. झालं!

संक्रांत वेल आपल्या बुचाच्या कुळातली. फूल तसंच लांब नळीचं, पण वास नाही आणि रंग भडक नारिंगी. पानाची मधली पर्णिका कित्येकदा तीन फाट्यांचा ताणा होते आणि मिळेल ते पकडते. आमच्याकडे तिने आधी तारेचं कुंपण घेतलं, मग पत्र्याची शेड, मग शेजाऱ्यांची केबल. शास्त्रीय नाव पायरोस्टेजिया व्हेनुस्टा. यातल्या पहिल्या शब्दात ग्रीकमधली आग आणि छप्पर एकत्र आली आहेत. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काहीही असो, जानेवारीत आमची शेड पाहणाऱ्याला अर्थ विचारावा लागत नाही.

मला सगळ्यात मौज वाटते ती तिच्या सणांची. ती मूळची ब्राझीलकडची. तिथे तिला सेंट जॉनचं फूल म्हणतात, कारण २४ जूनच्या त्या सणाच्या सुमारास ती फुलते. त्या सणाला होळीसारखे जाळही पेटवतात. जून म्हणजे तिकडचा हिवाळा. समुद्र ओलांडून वेल इकडे आली, तिने आपला हिवाळा ओळखला आणि फुलायला जानेवारी धरला. दोन्हीकडच्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, तिला सणाचंच नाव दिलं. तिकडे तिचा मध हमिंगबर्ड हवेत तरंगत पितात. आपल्या शिंजिराला ते फारसं जमत नाही. तो घोसावर बसतो आणि पुष्कळदा नळीला बुडाशी भोक पाडून मध चोरतो. परागांचं काम न करता फुकट फराळ! सकाळचा चहा मी या चोरीसमोर बसूनच घेतो.

एका वर्षी मात्र एकही फूल आलं नाही. खत दिलं, पाणी वाढवलं, व्यर्थ. नंतर उलगडा झाला. दिवाळीच्या साफसफाईत माळ्याने ती ‘नीट’ कापली होती, आणि सांगितलं होतं मीच. त्या हंगामात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांना कळ्या धरतात, आणि ती टोकंच पालापाचोळ्याच्या ढिगात गेली होती.

लावायची असेल तर पावसाळ्यात फाटा लावा आणि जागा दिवसभर उन्हाची निवडा. सावलीत नुसती पानं मिळतील. आणि हा अंक हातात असताना माळी कात्री घेऊन दारात उभा असेल, तर त्याला आधी चहा द्या. वेल होळीनंतर छाटायची.