अठ्ठेचाळीस जागा (भाग ५): मतं वाढली, जागा गेल्या

मागच्या भागात आपण १९९६ पर्यंत आलो होतो. महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ जागांपैकी शिवसेना-भाजप युतीला ३३ आणि काँग्रेसला १५, तिसऱ्या कुणाला एकही नाही. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९९८ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि सगळा पट उलटला. काँग्रेस ३३, रिपब्लिकन पक्ष ४, शेतकरी कामगार पक्ष १. शिवसेना ६ आणि भाजप ४.

राज्यातल्या युती सरकारवर लोक चिडले होते म्हणून युती आपटली, असं तेव्हा सांगितलं गेलं आणि आजही सांगतात. मतांची टक्केवारी काढून बसलं की हे पटत नाही. १९९६ साली युतीला सुमारे ३८.५ टक्के मतं होती. १९९८ साली ती ४२ टक्क्यांवर गेली. मतं साडेतीन टक्क्यांनी वाढली आणि जागा मात्र ३३ वरून १० वर आल्या.

याचं उत्तर समोरच्या बाजूला आहे. १९९६ साली काँग्रेसला ३५ टक्क्यांच्या आसपास मतं होती आणि राज्यातली पाव हिस्सा मतं इतर पक्ष, गट आणि अपक्षांत विखुरली होती. १९९८ साली काँग्रेसच्या शरद पवारांनी रिपब्लिकन पक्ष आणि समाजवादी पक्षाशी समझोता केला. काँग्रेस ४३.६ आणि रिपब्लिकन चार टक्के, अशी नुसती या दोघांची बेरीजच ४८ च्या घरात गेली. लढत सरळ झाली की ४२ टक्केही कमी पडतात.

ही एकजूट केवळ जागावाटपाच्या बैठकीत जमलेली नव्हती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. राज्यभरच्या दलित वस्त्यांमध्ये त्या दुःखाचा संताप होता. तो बाजूला ठेवून १९९८ चा निकाल समजून घेता येईल, असं मला वाटत नाही.

अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले असे रिपब्लिकन पक्षाचे चौघे लोकसभेत गेले. चारही मतदारसंघ खुले होते. राखीव जागेवरून दलित उमेदवार निवडून येतोच, पण खुल्या जागेवर इतर समाजांनीही त्याला मतं दिल्याशिवाय भागत नाही. या चार ठिकाणी मतपत्रिकेवर काँग्रेसचा पंजा नव्हताच. चिमूरकडचा एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. आयुष्यभर काँग्रेसला मत दिलेलं, चिन्ह बघून शिक्का मारायची हाताची सवय. केंद्रात मतपत्रिका उलगडतो, वरून खाली पाहतो, पंजा सापडत नाही. मग आदल्या रात्री गावातल्या पुढाऱ्यानं सांगितलेलं चिन्ह शोधून त्यावर शिक्का मारतो. आघाडी खरी होते ती इथे. विदर्भातल्या अकराच्या अकरा जागा काँग्रेस आणि रिपब्लिकन पक्षानं मिळून घेतल्या. १९९६ साली तिथे काँग्रेसच्या वाट्याला रामटेक आणि भंडारा एवढ्या दोनच आल्या होत्या.

हे सगळं जेमतेम दीड वर्ष टिकलं. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मतानं पडलं. पुढच्याच महिन्यात सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढल्यावरून पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांना काँग्रेसनं बाहेर काढलं आणि १० जून रोजी राष्ट्रवादी काँग्रेस जन्माला आली. रिपब्लिकन नेत्यांच्याही वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या. १९९९ च्या निवडणुकीत युतीची मतं घसरून ३८ टक्क्यांवर आली, जागा मात्र २८ झाल्या! काँग्रेसला ३० टक्के मतं आणि १० जागा. राष्ट्रवादीला साडेएकवीस टक्के आणि ६. दोघांची मिळून निम्म्याहून जास्त मतं आणि सोळा खासदार.

फुटीचा फटका सगळीकडे सारखा बसला नाही. कराडला राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांनी काँग्रेसच्या पृथ्वीराज चव्हाणांना हरवलं; तिथे भांडण घरातलंच होतं आणि जागाही घरातच राहिली. विदर्भात मात्र भंडारा, रामटेक, वाशिम, बुलढाणा हातचे गेले. अमरावती आणि चिमूरही गेले. आंबेडकरांनी अकोला राखलं, आठवले पंढरपूरच्या राखीव जागेवरून आले. खुल्या जागांवरच्या चौघांपैकी एकच आपल्या जागी उरला, याची मला आजही चुटपुट आहे.

त्याच वेळी झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीतही दोन्ही काँग्रेस समोरासमोर लढल्या होत्या. काँग्रेसचे ७५ आणि राष्ट्रवादीचे ५८ आमदार आले आणि १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री, छगन भुजबळ उपमुख्यमंत्री झाले. मतदारांनी वेगवेगळी दिलेली मतं मुंबईत निकालानंतर एकत्र आली. लोकसभेसाठी हे दोघे निकालाआधी एकत्र आले ते २००४ साली, आणि तरीही युतीपेक्षा तीन जागा मागे राहिले. पुढच्या आठवड्यात तिथून सुरुवात करू.