इंजेक्टर परत बसवताना

हसनाबाद, भोकरदन भागात जुनी मारुती 800 अजूनही रस्त्यावर दिसते. 2000 च्या सुमारास या गाडीत कार्बुरेटर जाऊन इंजेक्टर आले. तीन सिलिंडर, तीन इंजेक्टर आणि त्यांना दाबाखाली पेट्रोल पुरवणारी नळी म्हणजे फ्युएल रेल. सफाईसाठी काढलेली ही जोडणी परत बसवताना खरी परीक्षा असते ती रबरी ओ-रिंगची.

जुनी ओ-रिंग वरून चांगली दिसली तरी पुन्हा वापरू नये. उष्णतेने रबर कडक होते. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि जुने रबर त्यासाठी बनलेलेच नव्हते. इथेनॉलला टिकणारी नवी रिंगच घ्यावी.

खाच कोरड्या फडक्याने पुसावी, रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे आणि इंजेक्टर हलके फिरवत सरळ रेलमध्ये दाबावा. हातोडी अजिबात नको. रेल मॅनिफोल्डवर टेकवली की प्रत्येक इंजेक्टर बोटांनी फिरवून पाहावा. अडकला, तर रिंग मुडपली आहे असे समजून पुन्हा काढावा. बोल्ट आलटूनपालटून, थोडेथोडे आवळावेत.

कामासाठी सोडवलेली बॅटरी परत जोडल्यावर लगेच सेल्फ मारू नये. चावी दोन-तीनदा नुसती ऑन करावी, म्हणजे पंप दाब भरेल. मग टॉर्चने प्रत्येक सांधा पाहावा. थेंब दिसला किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू करू नका. गरम इंजिनावर पडलेले पेट्रोल पेट घेऊ शकते.