विश्लेषण : लिहायला पाच, बोलायला तीन! फ्रेंच क्रियापदांचे उच्चार इतके का चकवतात?

कॅनडाला जाण्याच्या तयारीत असलेले पुण्या-मुंबईतील अनेक तरुण सध्या फ्रेंच शिकत आहेत. तेथील ‘एक्स्प्रेस एंट्री’ योजनेत २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी स्वतंत्र निवडफेऱ्या होतात. त्यासाठी चालणाऱ्या ‘टीईएफ कॅनडा’ परीक्षेत ऐकणे आणि बोलणे यांची वेगळी कसोटी लागते. क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ असले तरी इथे घोळ होतो. कारण तक्त्यात दिसते ते सगळे तोंडाने बोलले जात नाही.

नेमका घोळ काय?

‘पार्ले’ म्हणजे बोलणे. वर्तमानकाळात त्याची लेखी रूपे पाच. पण मी, तू, तो आणि ते या चौघांसाठी उच्चार एकच, ‘पार्ल्’. ‘आम्ही’साठी ‘पार्-लों’, ‘तुम्ही’साठी ‘पार्-ले’. ‘ते बोलतात’ लिहिताना शेवटी ई-एन-टी ही तीन अक्षरे येतात, तरी ती मुकी. कागदावर ओळ तोडताना या शब्दाचे दोन तुकडे पडतात. बोलताना मात्र सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा, एकच!

हा नियम फक्त क्रियापदांचा, हे लक्षात ठेवायला हवे. एकाच स्पेलिंगचा शब्द नाम असेल तर ‘कूव्हाँ’, म्हणजे ननांचा मठ. आणि क्रियापद असेल तर ‘कूव्ह्’, म्हणजे कोंबड्या अंडी उबवतात.

जुन्या फ्रेंचमध्ये हे शेवट उच्चारले जात. पुढे उच्चार झिजला, लेखन तसेच राहिले. मराठीत नुसते ‘बोलते’ म्हटले तरी बरेच काही कळते. फ्रेंचमध्ये कर्ता सांगावाच लागतो.

मग एक की अनेक, हे ओळखायचे कसे?

‘पार्ल्’मध्ये ते ऐकून कळतच नाही, संदर्भच पाहावा लागतो. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर मात्र सुटका होते. ‘तो प्रेम करतो’ हे ‘इ-लेम्’, तर ‘ते प्रेम करतात’ हे ‘इल्-झेम्’. (हा झ ‘झूम कॉल’मधला.) सर्वनामाच्या शेवटचा एरवी मुका असलेला एस पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो. म्हणजे अनेकवचनाची खूण क्रियापदाच्या शेपटीत नाही, त्याच्या तोंडाशी ऐकायची!

मराठी कानाला हे खरेच नवे आहे का?

तितकेसे नाही. ‘करतात’ आपण चार अक्षरांत लिहितो, पण बोलतो ‘कर्-तात्’. ‘समजतो’मध्ये म-वरचा अ ऐकू येतो, स-मज्-तो, ‘समजावतो’मध्ये तोच अ गळतो, सम्-जाव्-तो. फ्रेंचमध्ये ‘विकत घेणे’ या क्रियापदाचे असेच होते. ‘आम्ही घेतो’ हे ‘आश्-तों’, मधला ई गायब. ‘तो घेतो’ म्हणताना शेवट मुका होतो, तोच ई शेवटच्या सिलॅबलमध्ये येतो आणि ठणठणीत ऐकू येतो, ‘आ-शेत्’. लेखनात त्या ई-वर तिरकी रेघ येते ती यासाठीच. ‘बोलावणे’ या अर्थाच्या क्रियापदात रेघेऐवजी एल दुप्पट होतो. १९९० च्या लेखनसुधारणेत अशा बहुतेक क्रियापदांना रेघेचा पर्याय मिळाला, पण नेहमीच्या वापरातले हे क्रियापद अपवाद म्हणून वगळले गेले.

एक सावधगिरी मात्र हवी. दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय-तुलूझकडे, शेवटचा ई अनेकदा हलकेच उच्चारतात. तिथे ‘पार्ल्’ हे ‘पार्-ल’ असे दोन तुकड्यांत ऐकू आले तर ते चूक नाही, तिकडची धाटणी आहे.