भोजने मत्तञ्ञुता : कोसलराजाचे ताट आणि आपले ताट

पालि तिपिटकात ‘भोजने मत्तञ्ञुता’ ही संज्ञा वारंवार येते. भोजनाच्या ठायी मात्रा जाणणे, हा तिचा अर्थ. इंद्रियसंयम आणि जागरूकता यांच्या जोडीने ती सांगितली जात असल्यामुळे ती केवळ भिक्खूंसाठी आहे, असा समज आढळतो. परंतु या विषयावरील सर्वांत बोलके सुत्त एका गृहस्थाला, तेही राजाला, उद्देशून आहे. वजन कमी करण्याची आणि कमी झालेले वजन टिकवण्याची चिंता आज घराघरांत शिरली असताना ते सुत्त नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात ‘दोणपाक सुत्त’ आहे. कोसलचा राजा पसेनदी (प्रसेनजित) द्रोणभर तांदळाचा भात जेवत असे. एकदा असाच जेवून तो धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला ना हिणवले, ना उपवास सांगितला. स्मृती जागी ठेवून, मिळालेल्या अन्नात मात्रा जाणणाऱ्या मनुष्याच्या वेदना हलक्या होतात आणि त्याचे आयुष्य जपले जाते, अशा आशयाची एकच गाथा त्यांनी म्हटली. राजामागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा शिकून आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले आणि त्याबद्दल रोज शंभर कहापण देऊ केले. क्रमाक्रमाने राजा एका नाळीच्या भातावर येऊन स्थिरावला. रूढ कोष्टकानुसार १६ नाळींचा एक द्रोण होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा बदल केवढा होता ते कळते. पुढे सडपातळ झालेल्या देहावरून हात फिरवीत राजाने भगवंतांविषयी कृतज्ञता व्यक्त केली.

अट्ठकथेत याची रीतही सांगितली आहे. गाथा जेवणाच्या आरंभी किंवा मध्ये म्हणावयाची नाही. राजा शेवटचा घास हाती घेईल तेव्हा म्हणावयाची. ती ऐकून राजा तो घास ठेवून देईल. त्या घासातील शिते मोजून तितकेच तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजवावयाचे. म्हणजे एका दिवसात केवळ एक घास कमी. भूक खवळत नाही, मन बंड करीत नाही.

या सुत्तातील तीन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात. पहिली, स्मृती. राजाला अन्न वाईट आहे असे शिकवले गेले नाही; जेवताना जागे राहावयास शिकवले गेले. दुसरी, क्रम. ‘अनुपुब्बेन’ हा शब्द घाईला जागा ठेवीत नाही. तिसरी, सोबत. राज्य चालविणाऱ्यालाही ताटावर एकट्याच्या निश्चयाचा भरवसा वाटला नाही. आठवण देणारा माणूस त्याने स्वतः नेमला.

आधुनिक अनुभवही याला पुष्टी देतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांच्या मनाचा अन्नाने अक्षरशः ताबा घेतला आणि बंधन उठल्यावर अनेकांना खाणे आवरेना. सिद्धार्थ गौतमांनी देहदंडाची परिसीमा गाठून ती व्यर्थ म्हणून सोडली व पुन्हा अन्न ग्रहण केले, हे मज्झिमनिकायातून आपणांस ठाऊक आहेच. अति खाणे आणि अति उपाशी राहणे ही दोन टोके एकमेकांना जन्म देतात.

येथे एक प्रश्न आपल्या समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्यांच्या आजी-आजोबांनी शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले, ज्यांच्या आईवडिलांनी १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर कामे केली, त्यांना ‘कमी खा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? याचे उत्तर धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. आळवी नगरात एक दरिद्री शेतकरी हरवलेला बैल शोधून भुकेलेला आला, तेव्हा भगवंतांनी आधी त्याला जेवू घालविले आणि मगच उपदेश केला. भुकेल्याला अन्न आणि तृप्ताला मात्रा, असा हा क्रम आहे. गाथेतही ‘लद्ध’, म्हणजे मिळालेल्या, अन्नाविषयीच मात्रा सांगितली आहे. मात्रेच्या नावाखाली भुकेचे उदात्तीकरण करण्यास धम्मात आधार नाही.

भरल्या ताटाचा आग्रह आपल्याकडे प्रेमातून येतो. त्यामागे उपासमारीची आठवण असते. ती आठवण आदरणीय आहे. पण बैठे काम, गोड चहा आणि रात्रीचे भरपेट जेवण यांतून मधुमेह घरात येतो, तेव्हा त्याच प्रेमाला नवे रूप द्यावे लागते. अट्ठकथेची रीत येथे उपयोगी पडते. घास ताटात टाकावयाचा नाही. तांदूळच वाटीने मोजून, किंचित कमी शिजवावयाचे. त्यामुळे ‘अन्न टाकू नये’ हा वडीलधाऱ्यांचा शब्दही राखला जातो. भात व पोळी हळूहळू कमी करताना डाळ, उसळ, पालेभाजी यांना ताटात जागा द्यावी. दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण पोट भरल्याची जाणीव होण्यास वेळ लागतो. घरातील एकाने सुदस्सनाचे काम करावे. मात्र ज्याला आठवण द्यावयाची त्याने ते स्वतः मागितलेले असावे, आणि त्यात टोमणा नसावा. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

भिक्खूंनी भोजनसमयी करावयाच्या चिंतनात एक सोपी कसोटी आहे. भुकेची जुनी वेदना शमावी आणि अति खाण्याची नवी वेदना उत्पन्न होऊ नये. काट्यावरचा आकडा आठवड्यातून एकदा पाहिला तरी पुरे. ही कसोटी मात्र प्रत्येक जेवणाला लावता येते. तिच्यात देहाचा तिरस्कार नाही आणि अन्नाचाही नाही. पसेनदीचे अन्न कमी झाले ते अशा मैत्रीतून, आणि म्हणूनच ते कमी झालेले टिकले.