चार मिनिटांच्या उड्या आणि आपले गुडघे

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटात मोबाईलवरचा एक व्यायाम शिरला. २० सेकंद जीव तोडून उड्या, १० सेकंद थांबायचं, असं आठ वेळा. चार मिनिटांत काम फत्ते! चौथ्याच दिवशी एका काकूंचा गुडघा सुजला आणि पंधरवड्यात आम्ही सगळ्याच गळालो.

ही पद्धत गाजली ती जपानच्या इझुमी टबाटा यांच्या १९९६ सालच्या अभ्यासामुळे. तो अभ्यास झाला खेळाच्या तरुण विद्यार्थ्यांवर, तोही जागच्या सायकलवर. उड्या नव्हत्याच त्यात!

"दिवसभर कापूस वेचतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" असं आम्हीही म्हणायचो. पण वेचताना कंबर एकाच बाजूला वाकलेली राहते, मांड्यांना आणि छातीला फारसं काम नाही. म्हणून आता आम्ही सगळ्या अंगाचा, झेपेल असा व्यायाम करतो. हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठबस. भिंतीला तळहात लावून दहादा अंग पुढे-मागे. उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं. मग दोन्ही हातांत सारख्या भरलेल्या बादल्या घेऊन अंगणात चक्कर. हे सगळं दोनदा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. सोपं वाटू लागलं की बादलीत तांब्याभर पाणी वाढवायचं.

बाकीचे दिवस चालायचं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगानं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. सेवाग्रामात बापूही रोज फिरायला जात.

बीपी, हृदयाचा त्रास किंवा नुकतंच बाळंतपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वेचणीच्या हंगामात आम्ही एकदाच करतो, पण सोडत नाही. बैठकीच्या दिवशी आधी उठबस, मग बचतीचा हिशेब.